म्हसोबाच्या पुढची पाचशे पावलं

त्या सकाळी जुईला ताप नव्हता.

हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या मोरदऱ्यात पुढं बरेच दिवस सगळे समजत होते की माझी मुलगी तापामुळे वाचली. बायका तिच्या गालावरून हात फिरवायच्या, "देवानंच ताप दिला गं तुला," म्हणायच्या. मी मान हलवायची आणि पिशवी उचलून पुढं निघायची.

आमचं घर राज्यमार्गाला लागून आहे. पुढं टायरचं दुकान, मागं आम्ही. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, रस्ता दुपदरी झाला त्या वर्षी दुकान काढलं. मी लग्न होऊन आले तेव्हा ट्रकच्या आवाजानं महिनाभर झोप लागली नव्हती. पुढं जुई झाली, आणि ती तर त्याच आवाजात झोपायला शिकली. सहा किलोमीटरवर नवा बाह्यमार्ग सुरू झाला आणि सगळे ट्रक एका आठवड्यात तिकडं वळले, तेव्हा रात्री उठून रडायला लागली. तिला शांतता सहन होईना.

नवे ट्रक बिनचालकाचे. त्यांना चहा लागत नाही, गप्पा लागत नाहीत, आणि पंक्चर झालं तर त्यांचीच फिरती गाडी येते. पण आमचं खरं संकट ट्रक गेल्याचं नव्हतं. गावं याआधीही बाह्यमार्गामुळं कोपऱ्यात पडली, तरी त्यांचे जुने रस्ते निदान जागेवर राहिले. खड्डे पडले, काठाला बाभळी आल्या, पण एसटी धडधडत का होईना यायची. आमचा रस्ता तसा नव्हता. आमचा रस्ता जिवंत होता.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलंय. "त्याचा उपयोग काय, तर विरजण चांगलं लागतं," असं माझा नवरा सुशांत चिडवायचा. त्यामुळं हे डांबर काय आहे ते गावात मलाच नीट कळत होतं. त्यात सूक्ष्म कुप्या असतात. कुपीत जिवाणूंचे बीजाणू आणि त्यांचा खुराक. गाडी वरून गेली की तिच्या वजनानं काही कुप्या फुटतात, जिवाणू जागे होतात आणि चुना व एक चिकट पदार्थ तयार करून भेगा बुजवतात. जितकी वाहतूक जास्त, तितका रस्ता मजबूत. ना खड्डे, ना दरवर्षीचं डांबरीकरण. दहा वर्षांत राज्यातले निम्मे रस्ते असे झाले.

याची दुसरी बाजू राज्यमार्ग विभागाच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होती. भार कमी पडला तर नव्या कुप्या फुटत नाहीत आणि जागे झालेले जिवाणू उपाशी राहतात. उपाशी राहिले की ते डांबरच खातात. तेही आतून, कारण वरच्या थराला ऊन लागतं आणि तिथं ते टिकत नाहीत. म्हणजे मरणारा रस्ता वरून काळाभोर, गुळगुळीत दिसतो. आत त्याचं पीठ झालेलं असतं.

म्हणून प्रत्येक रस्त्याची नाडी मोजतात. आमच्या पट्ट्यात दोन खिळे ठोकले होते, एक मोरदऱ्याच्या बाजारात आणि दुसरा शेजारच्या कासारखेडच्या बाजारात. खिळ्याला गाडी कुणाची ते कळत नाही, त्याला फक्त वजन कळतं. दोन्हीकडची सरासरी दिवसाला सहाशे टनांच्या खाली सलग तीन महिने राहिली की रस्ता मृत. मग यंत्र येतं, डांबर खरवडून दुसऱ्या रस्त्याला नेतं आणि मागं मुरूम उरतो. राज्यमार्गाच्या यादीतून नाव जातं. एसटी जाते. उरतं काय, ते सांगायला नको.

आमची सरासरी चारशेवर आली तेव्हा मुल्लाचाचांच्या बेकरीत बैठक झाली. चाचा व्यापारी मंडळाचे अध्यक्ष. खारीचा ट्रे मधोमध ठेवून त्यांनी मला बोलायला उभं केलं. गावची सून अशी पुरुषांसमोर उभी राहून बोलते म्हणून आप्पा आधी जमिनीकडं बघत बसले, मग हळूहळू वर बघायला लागले.

"म्हणजे सूनबाई, रस्त्याला रोज जेवू घालायचं," चाचा म्हणाले.

"हो चाचा. वजनाचं जेवण."

"मग मला मधोमध झोपवा," हणमंतमामा म्हणाले. "दोन वेळचं भागेल."

सगळे हसले. हणमंतमामा शाळेची व्हॅन चालवायचे. नऊ मुलं घेऊन रोज कासारखेडच्या शाळेत जायचे. त्यांची गौरी आणि माझी जुई एकाच वर्गात, तिसरीत, एकाच बाकावर. व्हॅनमध्येही दोघी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर चिकटून बसायच्या.

ठरलं ते असं. प्रत्येक दुकानाला एक वार. त्या वारी त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दगड भरून रस्त्यावर ठरलेल्या फेऱ्या घालायच्या. कासारखेडवाल्यांनाही निरोप गेला, त्यांनी त्यांच्या बाजूनं तसंच करायचं.

"कुठपर्यंत जायचं?" कुणीतरी विचारलं.

"कुठपर्यंत म्हणजे? म्हसोबापर्यंत," आप्पा म्हणाले. "पुढचा रस्ता त्यांचा. त्यांनी पोसावा."

ते सगळ्यांना पटलं. मोरदऱ्याची पालखी म्हसोबाच्या दगडाला वळसा घालून परत फिरते. कासारखेडची त्यांच्या शिवेवरच्या मरीआईपासून फिरते. आजोबांच्या काळात दोन पालख्या समोरासमोर आल्या, कुणी कुणाला वाट द्यायची यावरून डोकी फुटली, आणि तेव्हापासून हे असंच आहे. मधला ओढा आणि त्यावरचा उंच भराव कुणाच्याच देवाच्या वाटेत येत नाही.

मी घरी आले, रेघा मारल्या आणि तक्ता केला. वार, दुकानाचं नाव, फेऱ्या. वर ठळक अक्षरात लिहिलं, म्हसोबापर्यंत जाऊन परत. ते अक्षर माझं आहे.

पहिल्या महिन्यात नाडी पाचशे तीसवर गेली. दुसऱ्यात सहाशे दहा. मी रोज सकाळी मोबाइलवर आकडा बघून बेकरीच्या फळ्यावर लिहायची. लोक थांबून वाचायचे, क्रिकेटचा स्कोअर बघावा तसे. आप्पा सत्तरीत ट्रॅक्टर चालवायला लागले. म्हसोबा उजव्या हाताला ठेवून ते असा सुबक वळसा घ्यायचे, की पोरं टाळ्या वाजवायची. सुशांत तर एकदा रस्त्यात उभा राहून मला म्हणाला, "तुझ्या डिग्रीनं गाव वाचवलं बघ." मला ते खूप आवडलं. इतकं आवडलं की मी पुढचं काही तपासायचंच विसरले.

भाद्रपदात शाळेत पालकसभा होती. व्हॅन सकाळीच गेलेली, म्हणून मी स्कूटीवर निघाले. म्हसोबा ओलांडला आणि चाकाखालचा आवाज बदलला.

लहान मुलाची आई झालं की कान वेगळे होतात. जुईचा श्वास जरा घोगरा झाला तरी मला शेजारच्या खोलीत जाग येते. तो आवाज तसाच होता, घोगरा. भरावावर गाडी थांबवली. रस्ता काचेसारखा चकचकीत होता. डिकीतला पाना काढून ठोकला. टण् न वाजता तो डब् वाजला. चार पावलं पुढं गेले, पुन्हा डब्. कडेला बसून पान्याच्या टोकानं डांबराची कड उचकटली तर पापडासारखा तुकडा हातात आला. त्याच्या खाली करडं पीठ होतं. मी बोट घातलं, ते दुसऱ्या पेरापर्यंत सहज आत गेलं.

मग मी मरीआईपर्यंत चालत गेले, मोजत. पाचशे बारा पावलं. मरीआईच्या पुढं ट्रॅक्टरच्या वळणाच्या ताज्या खुणा होत्या. आमच्यासारखाच त्यांचाही सुबक वळसा. दोन्ही गावं आपापला रस्ता पोसत होती, दोन्ही खिळे तृप्त होते, आणि मधली पाचशे पावलं उपाशी. तिथून जाणार कोण? दोन-चार मोटारसायकली, दुधाचा छोटा टेम्पो. एसटी तेव्हा दिवसातून एकदाच, तीही आमच्या बाजारातूनच माघारी फिरायची. आणि शाळेची व्हॅन.

पालकसभेत बाई काय बोलल्या ते मला आठवत नाही. येताना मी स्कूटी अगदी कडेनं हातात धरून आणली.

दुकानाचं शटर अर्धं ओढून मी सुशांतला तुकडा दाखवला. त्यानं तो बोटांनी चुरला, वास घेतला.

"कुणाला सांगितलंस?"

"अजून नाही. हेल्पलाइनला फोन करते."

"केलास की संध्याकाळी माणसं येतील. दोन्ही खिळ्यांच्या मध्ये पोकळी सापडली की अख्खा पट्टा मृत. नियम तूच वाचून दाखवलास बैठकीत." तो पायरीवर बसला. "दीपा, तीस तारखेला तिमाहीचं वाचन आहे. ते पार पडलं की वर्षभर कुणी हात लावत नाही. मग आपण मधला पट्टा हळूच भरून घेऊ. कासारखेडवाल्यांशी मी बोलतो."

"तोवर मुलं?"

"तोवर मामांची व्हॅन रोज जातेच की. काय झालं? तूच सांग, किती वजन पेलेल?"

हा प्रश्न त्यानं विचारायला नको होता. किंवा मी उत्तर द्यायला नको होतं. मी वही काढली. वरच्या थराची जाडी, व्हॅनचं वजन अडीच टन, चार चाकं. कॉलेजात शिकलेलं थोडं, पुस्तिकेतलं थोडं, थोडा अंदाज. उत्तर आलं की कोरडं असेपर्यंत महिनाभर तरी धरेल. भरावात पाणी शिरलं तर सांगता येत नाही.

"पाऊस संपलाय," सुशांत म्हणाला.

"मामांना तरी सांगूया."

"मामांना सांगायचं म्हणजे भोंग्यावरून सांगायचं. आणि सांगून ते करणार काय? बाह्यमार्गानं एकतीस किलोमीटर वळसा घालून नेणार रोज? पालक कारण विचारणार नाहीत?" त्यानं माझा हात धरला. त्याचा तळवा रबरासारखा खरखरीत आहे, मला तो आवडतो. "अठरा दिवस. फक्त अठरा दिवस कळ काढ. हे दुकान गेलं तर आप्पा जगायचे नाहीत."

आप्पा बाहेर एका पोराला ट्रॅक्टरचा वळसा कसा घ्यायचा ते शिकवत होते.

मी कळ काढली. रोज सकाळी जुईला व्हॅनमध्ये बसवताना मी आकाश बघायची. साडेआठला मामांना फोन करायची, "पोचली का जुई?" तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "वहिनी, मी तिला विकायला नेत नाही हो." चौथ्या दिवसापासून फोन उचलल्या उचलल्या म्हणायचे, "पोचलं पार्सल." मी हसायची, आणि फोन ठेवून पुन्हा आकाश बघायला अंगणात जायची. दोनदा हेल्पलाइनचा नंबर लावला. एकदा पलीकडून बाई "नमस्कार, राज्यमार्ग विभाग" असं बोललीसुद्धा. मी म्हणाले, चुकून लागला.

बाराव्या दिवशी पहाटे पागोळ्यांचा आवाज आला. उठून दार उघडलं तर अंगणातलं टोपलं पाण्यानं भरून वाहत होतं. परतीचा पाऊस रात्रभर पडून गेलेला. सुशांतही उठला होता. मोरीत दात घासत तो आरशातून माझ्याकडं बघत होता.

सात वाजून वीस मिनिटांनी व्हॅनचा भोंगा वाजला. जुई बूट घालून, वेणीला रिबीन बांधून तयार होती. मी तिचं दप्तर काढून घेतलं.

"आज नको जाऊस."

"का? आज गौरी माझ्यासाठी चिंचा आणणारे."

"नको म्हटलं ना."

मी एकटीच फाटकाशी गेले. मामांनी काच खाली केली. मागं मुलं ओरडत होती. गौरी खिडकीतून अर्धी बाहेर आलेली, हातात कागदाची पुडी.

"जुई कुठंय काकू?"

"तिला ताप आहे."

"अरेरे," मामा म्हणाले. "डॉक्टरकडं नेऊ का? सोडतो जाता जाता."

"नको. बारीकच आहे." मी खिडकीची कड धरली होती. ती सोडवेना. "मामा, हळू जा. पाऊस झालाय."

"माझ्यापेक्षा हळू या गावात फक्त आप्पांचा ट्रॅक्टर!" ते हसले. गौरीनं पुडी माझ्या हातात दिली. "जुईला द्या. दोनच मी खाल्ल्यात."

मी हात सोडला. व्हॅन गेली.

या क्षणाचा मी नंतर फार विचार केला आहे. घाबरले होते, हे खरं. पण मी माझ्या मुलीपुरती घाबरले. बाकीच्या आठ जणांच्या बाबतीत मी गणितावर विश्वास ठेवला.

पावणेआठला मामांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. "पोचलं पार्सल" आलं नाही. पुन्हा लावला. मग रस्त्यावरून कुणीतरी धावत गेलं, मग आणखी कुणी, आणि मुल्लाचाचा बनियनवर, हात पिठानं भरलेले, ओढ्याच्या दिशेनं पळताना दिसले.

भराव मधोमध बसला होता. वरची साय फाटावी तसा रस्ता फाटला आणि व्हॅन नाकावर ओढ्यात गेली. लोकांनी काचा फोडून मुलांना काढलं. सहा मुलं वाचली. पुढं बसलेली दोन वाचली नाहीत. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, चिकटून बसायच्या जागेवर, त्या दिवशी एकट्या गौरीच्या बाजूला आमच्या गावातल्या कासारवाड्यातला छोटा सार्थक सरकून बसला होता. जुई नव्हती म्हणून जागा मोकळी होती.

मामा जगले. उजवा पाय मांडीपासून गेला.

पुढचे आठ दिवस आमच्या रस्त्यानं बाह्यमार्ग झाल्यापासून पाहिली नव्हती इतकी वाहनं पाहिली. रुग्णवाहिका, पोलीस, क्रेन, वाहिन्यांच्या गाड्या. दोन्ही बाजूंनी पुढाऱ्यांचे ताफे. आमच्या बाजूनं येणारे म्हसोबापर्यंत येऊन फिरायचे, तिकडून येणारे मरीआईपासून, कारण मध्ये आता खड्डाच होता. चौकशीच्या अहवालात अतिवृष्टी असं लिहिलं गेलं. म्हसोबाच्या पुढं पत्रे ठोकले आणि लष्करी पद्धतीचा लोखंडी पूल बसवायचं ठरलं.

तीस तारखेला सुशांतनं मोबाइल माझ्यासमोर ओट्यावर ठेवला आणि बाहेर गेला. नाडी, आठशे चाळीस टन. शेरा: राज्यमार्ग कायम.

मी तो आकडा फळ्यावर लिहायला गेले नाही. पण कुणीतरी लिहिला होता.

मामा दवाखान्यातून घरी आल्याचं कळलं तेव्हा सगळं गाव जाऊन आलं. मी गेले नव्हते. सुशांत म्हणाला, "न जाणं बरं दिसत नाही." त्याच्या तोंडून हल्ली अशीच वाक्यं येतात, कुठंच न अडणारी. आम्ही एकमेकांशी नीट वागतो. भाजीत मीठ आहे का, आप्पांची गोळी दिली का. त्यानं एकदा रात्रीच्या जेवणाला म्हटलं, "आपण दोघांनी ठरवलं होतं." मी म्हटलं, "हो." ताट तसंच उचललं.

शेवटी रविवारी दुपारी निघाले. जुईला नेणार नव्हते. ती हट्टानं आली, चिंचांची पुडी घेऊन. तिनं ती उघडलीही नव्हती. म्हणाली, "गौरीच्या आईला परत द्यायची."

मामा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. पायाच्या जागी चादर सपाट होती. मामी आत होत्या, बाहेर आल्या नाहीत. मी खाली सतरंजीवर बसले.

"वहिनी," मामा म्हणाले. त्यांचा आवाज अर्धा झाला होता. "तुम्हाला एक सांगायचं होतं. बोलावणारच होतो. त्या दिवशी सगळ्या गावात तुम्ही एकट्या म्हणालात, मामा हळू जा. मी चेष्टा केली. मी हळू गेलो असतो तर..." त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. "रोज रात्री ऐकू येतं मला. हळू जा, हळू जा. ऐकायला हवं होतं मी."

"मामा, तसं नाही," मी म्हणाले.

"तसंच आहे. चाळीसचा वेग होता. पोलिसांना मीच सांगितलं. माझी चूक आहे, लिहा म्हटलं."

जुई त्यांच्या खाटेशी उभी होती. त्यांनी डोळे पुसले, तिला जवळ ओढलं, तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

"तू बरी आहेस ना गं माझी बाय? तुला ताप आला ते बरं झालं. निदान तू तरी..."

"मला ताप नव्हता," जुई म्हणाली.

ती खोटं पकडायला म्हणाली नाही. आठ वर्षांचं मूल जसं चुकीची बेरीज दुरुस्त करतं, तसं म्हणाली. "मी बूट पण घातले होते. आईनं दप्तर काढून घेतलं."

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. मामी दाराच्या चौकटीत येऊन उभ्या राहिल्या.

मामांचा हात जुईच्या कपाळावरच होता. त्यांनी तो काढला नाही. फक्त मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि मला दिसत गेलं की त्यांना काय काय आठवतंय. रोजचा साडेआठचा फोन. खिडकीची कड न सोडणारा हात. हळू जा.

"मग काय होतं, वहिनी?" त्यांनी विचारलं.

बाहेर रस्त्यावरून दगड भरलेला ट्रॅक्टर म्हसोबाकडं चालला होता. रविवार. आमच्याच दुकानाचा वार होता. तो वळसा घेऊन परत येईपर्यंत मी सगळं सांगितलं.